गल्ल्यातली हाली नोट

माझ्या घरी कुणी आलं आणि नोटांचा अल्बम दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला. "मॅडम, आज याची किंमत किती येईल?" नोट कुणाची, कधीची, तिच्यावर काय लिहिलंय, ते गेलं चुलीत. किंमत किती! एका शेजाऱ्यांनी तर मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ लावून दाखवला. त्यात एक टाय लावलेला माणूस जुन्या नोटेला लाखो रुपये मिळतात असं छातीठोकपणे सांगत होता. मी म्हटलं, "मग घरातले डबे उपसा आणि बांधा बंगला." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बरंच झालं, चहाची साखर वाचली.

मी सगळ्या नोटा जमवत नाही. हाली नोटा जमवते. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्या देऊळगाव राजापासून जालना अगदी जवळ. पण इंग्रजांच्या काळात आमचं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात, आणि पलीकडे जालन्यात निजामाचं राज्य. आमच्याकडचे म्हातारे अजून त्या बाजूला मोगलाई म्हणतात. "पोरगी मोगलाईत दिली" म्हटलं की समजायचं, जालन्याकडे दिली. मोगलाईत निजामाचा स्वतःचा रुपया चालायचा, तो हाली. आमच्याकडे इंग्रजांचा, तो कलदार. राज्यं दोन, पण बाजार एकच. तिकडचा माणूस आमच्या बाजारात बैल घ्यायला आला, की त्याची हाली आमचे व्यापारी बट्टा कापून घ्यायचे आणि वरून त्यालाच अडाणी म्हणायचे. पुढे निजामाचं राज्य गेलं आणि काही वर्षांनी त्याचा पैसाही बंद झाला. ज्यांनी वेळेत बदलून घेतला त्यांनी घेतला. बाकीच्यांच्या नोटा पेटीत, पोथीत, देव्हाऱ्यात पडून राहिल्या.

त्या नोटांवर उर्दूत मजकूर असतो आणि कडेला मराठी, तेलुगू, कानडीत किंमत लिहिलेली असते. आता अशा नोटेला कुणी दमडीही देत नाही, पण घरातून ती फेकतही नाही कुणी. विचारलं तर म्हणतात, "असू द्या, आजोबाची हाये." काल बाजारात चालणारा कागद आज चालत नाही, तरी माणूस तो जपून ठेवतो, याचंच मला वेड आहे. शाळेत नोकरीला असताना बाकीच्या बाया पगार झाला की साड्या बघायच्या, मी भंगारवाल्याच्या पोत्यात हात घालायचे. आमच्या शाळेतले एक गुरुजी मला तोंडावर "रद्दीवाल्या बाई" म्हणत. म्हणोत बापडे.

मी दुसरबीडच्या पुढच्या एका खेड्यावर शिकवायला होते. नोकरीचा बहुतेक काळ अप-डाऊन केलं. सकाळी देऊळगाव राजाहून निघायचं, दुसरबीडला उतरायचं, तिथून मिळेल त्या गाडीने खेड्यावर. संध्याकाळी उलटं. मधला वेळ काढायचा तो रस्त्याच्या कडेच्या एका चहाच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, पुढे भट्टी, भट्टीवर भज्यांची कढई, आणि बाजूला लाकडी काउंटर. तेव्हा बाईमाणसाने हॉटेलात एकटीनं बसायचं म्हणजे लोक वळून वळून पाहायचे. पण त्या हॉटेलवाल्या भाऊंनी पहिल्याच आठवड्यात आतल्या बाजूचं एक बाकडं भिंतीकडे तोंड करून लावलं आणि म्हणाले, "मॅडम, हे तुमचं. इथं कोणी तरास देणार नाई." नंतर त्यांची बायकोच माझ्या शेजारी येऊन कांदे चिरत बसायला लागली. तिला मी वहिनी म्हणायची. ती मला मॅडमच म्हणे. आमची मैत्री कांद्याच्या पाण्याने डोळे पुसत पुसतच झाली.

या भाऊंच्या गल्ल्यात ती नोट होती. पाच रुपयांची हाली. माझ्याकडे एकची होती, दहाची होती, पाचची नव्हती. आणि ही अशी समोर, सुट्या पैशांच्या कप्प्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली! त्यांच्या वडिलांनी हॉटेल सुरू केलं त्या दिवशी मोगलाईतल्या कुणा गाडीवानाने चहा-भजी खाऊन ती दिली होती म्हणे. हाली तेव्हा बंद पडायला आलेली, घ्यायला कुणी तयार नव्हतं. वडिलांनी घेतली. पहिलं गिऱ्हाईक परत कसं पाठवायचं? आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कढई थंड झाली नाही. तेव्हापासून ती बरकतीची नोट. गल्ला उघडला की आधी तिला हात लावून हात कपाळाला, मग व्यवहार.

मी ती मागितली नसती तर मी कसली संग्राहक? पहिल्यांदा मागितली तेव्हा भाऊ हसले. दुसऱ्यांदा मागितली तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुमी माही कढई मागा, बायको मागा, नोट मागू नका."

वहिनी आतून ओरडली, "अन् बायको नेली तर भजे कोण काढन, तुमची बरकत?"

असं चालायचं. पण मला खरा राग यायचा तो दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला हे गृहस्थ ती नोट पाटावर मांडायचे आणि तिला हळद-कुंकू लावायचे. दरवर्षी! अहो, कागद आहे तो. कुंकू कागद खातं. निजामाचं उर्दू अक्षर, त्यावर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचे थर. मी तळतळून सांगायची, "भाऊ, पिशवीला लावा कुंकू, नोटेला नको." ते म्हणायचे, "पिशवी का लक्ष्मी हाये?" भांडणात मी कुणाला ऐकत नाही, पण त्या माणसाशी भांडताना माझीच गाडी नेहमी रुळावरून घसरायची.

मी निवृत्त झाले. तरी महिन्यातून एखादी चक्कर असायचीच. कुठे कुणाकडे जुनी पेटी उघडल्याचं कानावर आलं की मी निघाले, आणि जाता-येता त्या बाकड्यावर बसल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मग तो नवा रस्ता झाला. रुंद, कुंपण घातलेला, मुंबईपासून नागपूरपर्यंत सरळ. गाड्या तिकडून जायला लागल्या. ट्रक गेले, लक्झरी गेल्या. जुन्या रस्त्यावर राहिल्या एसट्या, ट्रॅक्टर आणि आमच्यासारखी दोन-चार माणसं. शेजारचा पंक्चरवाला आधी गेला. मग रसवंती बंद झाली. समोरच्या ढाब्यावर कुलूप लागलं आणि त्याच्या अंगणात बाभळी उगवल्या. भाऊ मात्र रोज सकाळी भट्टी पेटवायचे. पूर्ण घाणा काढायचे, पहिल्यासारखा, परात भरून. गिऱ्हाईक यायचं चार-दोन. संध्याकाळी उरलेली भजी शेळ्यांना.

मी म्हटलं, "भाऊ, थोडी काढा ना."

"परात रिकामी दिसली तर गाडी थांबत नाई, मॅडम."

"गाडी आहे कुठे?"

त्यांनी झाऱ्याने रस्ता दाखवला. रस्त्यावर एक कुत्रं आडवं झोपलं होतं. ते त्यांनाही दिसलं, मलाही दिसलं.

या सगळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याला नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की उष्णतेपुढे उभं राहणं बंद, भट्टी तर अजिबात नाही, आराम करा. मुलगी जालन्याला दिलेली, जावई सरळ माणूस. तो म्हणाला, आमच्याकडे या, नाहीतर इथंच घरी बसा, दोघांच्या पोटापुरतं होतंय. खरंच होत होतं. थोडी कोरडवाहू जमीन बटाईने दिलेली होती. हॉटेल पोटासाठी नव्हतंच आता. उलट घरातलं तेल, बेसन, गॅस सगळं तिकडेच जात होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसलं प्रकरण. पण हे ऐकायला तयार नाहीत. दुसऱ्याच दिवशी पुन्हा भट्टीपुढे.

एकदा मी गेले तर वहिनी हॉटेलात नव्हती. घरी गेले. घर मागच्या गल्लीत. ती ओट्यावर बसली होती, पुढ्यात कांदे, पण चिरत नव्हती.

"मॅडम," ती म्हणाली, "एक मागू?"

"मागा ना."

"ती नोट घेऊन जा."

मला वाटलं थट्टा करते. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"तुमी इतके वर्स मागून राह्यल्या. आता घेऊनच जा. ती गल्ल्यात हाये तंवर हे काई हॉटेल बंद करत नाई. म्हणते, गल्ल्यात लक्ष्मी बसेल असताना दुकानाले कुलूप कसं लावू? देव घरात असताना कोणी दार बंद करते का? मी सांगून थकली, पोरगी रडून गेली, जावयानं हात जोडले. डॉक्टर म्हणते भट्टीपुढं उभे राह्यले तर जातीन. मले माणूस पाह्यजे, मॅडम. बरकत नाई पाह्यजे."

ज्या नोटेसाठी मी एवढी वर्षं जीव टाकला ती अशी कुणी माझ्या ओटीत घालेल, असं वाटलं नव्हतं. आनंद झाला का? खोटं कशाला बोलू, क्षणभर झाला. मग तिच्या पुढ्यातले न चिरलेले कांदे दिसले आणि तो आनंद पार विरून गेला.

मी तशीच हॉटेलात गेले आणि भाऊंना स्पष्ट सांगितलं. माझा स्वभावच तसा, आडपडदा जमत नाही. म्हटलं, "भाऊ, ती नोट मला द्या आणि हे दुकान बंद करा. तुम्ही मरायला उभे आहात इथे, कळतं का?"

ते चिडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "तुमाले नोटच पाह्यजे ना? माह्या मरनाचं नाव काऊन घेता?"

मी उठले आणि बसची वाट न बघता चालायला लागले. मागून त्यांनी हाक मारली नाही. घरी येऊन मी दोन दिवस नीट जेवले नाही, आणि अल्बमही उघडला नाही. म्हटलं, या माणसाशी आता बोलायचंच नाही. गाढवापुढे वाचली गीता!

पावसाळा संपताना त्यांना मोठा झटका आला. भट्टीपाशी नाही, घरी आला, म्हणून वाचले. जालन्याच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. मी भेटायला गेले तर अंथरुणात एवढासा माणूस. मला बघून हसले. म्हणाले, "रद्दीवाल्या बाई आल्या." हे नाव त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "गप पडा." वहिनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर हसली.

घरी आल्यावर त्यांनीच निरोप पाठवला. मी गेले तर हॉटेलच्या फळ्या लावलेल्या, एक फळी तेवढी उघडी. आत भाऊ काउंटरमागे बसलेले, शेजारी वहिनी. भट्टी थंड. हॉटेलात तेलाचा वास नव्हता, ओल्या राखेचा होता. त्यांनी गल्ला उघडला, सगळे पैसे काढून वहिनीच्या पदरात टाकले. मग तळाची ती पिशवी काढली. नोटेला एकदा हात लावून कपाळाला लावला.

मी पर्स उघडली तर म्हणाले, "ठेवा ते. बरकत इकता येत नाई. देता येते."

आणि त्यांनी ती मला दोन्ही हातांनी दिली. कुंकवाने नोटेचा कोपरा खाल्लेला होता, मधली घडी फाटायला आली होती. दुसरी कुठली नोट असती तर मी नाक मुरडलं असतं. पण मी ती पदरात घेतली. भाऊंनी शेवटची फळी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली वहिनीकडे दिली. मग तिघं त्यांच्या घरी गेलो आणि वहिनीने चहा केला. घरातला चहा हॉटेलातल्यासारखा लागत नाही, असं भाऊ म्हणाले आणि पूर्ण प्याले.

त्यानंतर मी महिनाभर निश्चिंत होते. फोनवर वहिनी सांगायची, ओट्यावर बसतात, दुपारी झोपतात, गोळ्या वेळेवर घेतात. जरा उदास असतात, पण असू दे. मी म्हटलं, "असू दे वहिनी, उदास माणूस जिवंत असतो." मीही अल्बममध्ये त्या नोटेला स्वतंत्र पान दिलं आणि येता-जाता बघत राहिले.

मग एकदा मेहकरकडे चालले होते. एसटी दुसरबीडला थांबली. खिडकीतून पाहिलं तर हॉटेलातून धूर. पत्र्यावर निळसर धूर आणि तळणाचा वास. मी बसमधून उतरलेच.

भाऊ भट्टीपुढे उभे. गंजीफ्रॉक घामाने भिजलेला, तोंड लाल. मला बघून झारा हलवला. "मॅडम! या या! तुमाले सांगाचंच होतं. बरकत वापस आली!"

ते सांगायला लागले. पंखा विकायचा म्हणून तो खोलायचे पाने घ्यायला आले होते, सहज गल्ला उघडला. आणि आत दहाची नोट. कोरी करकरीत. "मी सोता गल्ला रिकामा केल्ता. तुमी पाह्यलं ना? तुमच्या समोर. किल्ली घरी, कुलूप जसंच्या तसं. मंग कुठून आली? सांगा बरं! एक लक्ष्मी तुमाले देली, तर तिनं दुसरी धाडली. म्हणे, बंद नको करू." आणि खो खो हसले. इतक्या दिवसांत त्यांच्या अंगात एवढा जीव मी पाहिला नव्हता. बाकड्यावर एकच गिऱ्हाईक बसलं होतं, तेही पेपर वाचायला आलेलं.

वहिनी मागे नळाजवळ भांडी घासत होती. मी गेले तर तिने वर पाहिलं नाही.

"तुम्ही ठेवली," मी म्हटलं.

"हाव."

"अहो, का? तुम्हीच तर..."

"दुसऱ्या दिवशी साफसफाई कराले गेल्ती. गल्ला पुसला. इतका रिकामा गल्ला मी जिंदगीत पाह्यला नव्हता, मॅडम. रिकामा सोडून यायला हात धजला नाई. दुकानाचा गल्ला रिकामा ठेवत नाईत ना. सासऱ्यानं शिकवलं, सासूनं शिकवलं. मी का इचार केला? हातानंच ठेवली. कंबरेची नोट काढली न ठेवली. घरी आली अन् इसरून गेली."

"मग त्यांना सांगायचं की, मी ठेवली म्हणून."

"सांगणारच होती. ते पळत घरी आले. पळत, मॅडम! मले म्हणे, अवं लक्ष्मी आली गल्ल्यात. त्याईचं तोंड पाह्यलं अन् माह्या तोंडातून शब्दच निघाला नाई." तिने पातेलं खाली ठेवलं. "दोन दिवस खुश राहू द्या. मंग सांगतो मी. तुमी नका सांगू."

मला तेव्हाच्या तेव्हा पुढे जाऊन सांगायचं होतं. जिभेवर होतं. पण तिने शब्द घेतला होता. मी भाऊंना डॉक्टरचं नाव घेऊन वाटेल तसं बोलले, हात जोडले, ओरडले. त्यांनी मला द्रोणात भजी दिली आणि म्हणाले, "तुमची नोट घरी बरी हाये ना? तिले कुंकू लावता का नाई?"

दोन दिवसांचे आठवडे झाले. मी फोन केला की वहिनी म्हणायची, आज सांगतो, आज सांगतो. मग ती फोन उचलेनाशी झाली. मला कळत होतं. कसं सांगणार? तो माणूस तिच्या एका दहाच्या नोटेवर उभा होता. ती काढून घेतली तर आडवा होणार होता, आणि नाही काढली तरी होणारच होता. इकडे आड, तिकडे विहीर.

वैशाखात, दुपारच्या उन्हात, ते भट्टीपाशी कोसळले. कढईत भजी तशीच काळी होत राहिली. शेजारच्या गॅरेजवाल्याने गाडीत घातलं. जालना आलंच नाही. वाटेतच गेले.

मी तेरवीच्या आधी भेटायला गेले. ओसरीत बाया बसलेल्या, मधे वहिनी, भिंतीला टेकून. मुलगी मला धरून रडली. वहिनी रडत नव्हती. मुलीने कानात सांगितलं, बाबा गेले त्या दिवसापासून आई रडलीच नाही, पाणीसुद्धा बळेच पाजतो. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. तिने हात हातात घेतला नाही.

पलीकडे भाऊंची बहीण बसली होती, साखरखेर्ड्याकडून आलेली. तिने मला ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हेच का त्या मॅडम? ज्याईनं गल्ल्यातली लक्ष्मी नेली?"

मग एक म्हातारी म्हणाली, "बापजाद्याची बरकत होती ते. ते गेली अन् घरचा धनी गेला." दुसरी म्हणाली, "शिकेल बाया, त्याईले काय समजते." गावात हेच चालू होतं तर. मॅडमने नोट नेली म्हणून माणूस गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ओरडायचं होतं, की अगं बायांनो, नोट नेली तेव्हा तो माणूस ओट्यावर बसून चहा पीत होता. गल्ल्यात दुसरी नोट आली म्हणून गेला. कुणी ठेवली ते विचारा! पण मी वहिनीकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, ती बोलेल. खरं ते एवढ्या बायांत माझ्याखेरीज फक्त तिलाच माहीत होतं. ती जमिनीकडे बघत होती.

सगळ्या जेवायला आत गेल्या. मी निघाले. वहिनी उठून दारापर्यंत आली, चौकटीला धरून उभी राहिली. मी चपला घातल्या. म्हटलं, येते वहिनी.

"मॅडम," ती म्हणाली. आवाज अगदी कोरडा. "तुमी ती नोट नेली नसती, तर ते असते ना?"

मी तिच्याकडे बघितलं. तिला सगळं आठवत होतं. ओट्यावर बसून तिनेच मागितलं होतं, ते आठवत होतं. गल्ला पुसलेला आठवत होता. तरी ती विचारत होती, आणि माझ्या तोंडाकडे असं बघत होती, जसं मी काय म्हणेन त्यावर पुढचं सगळं आयुष्य काढायचं आहे. मी आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही. नवऱ्याचं नाही, हेडमास्तरांचं नाही. तिथं मात्र, त्या दारात, दुसरा शब्द माझ्या जवळ नव्हताच.

"हो वहिनी," मी म्हटलं. "मी नेली नसती तर असते."

तिने एकदा मान हलवली. मग चौकट धरूनच ती खाली बसत गेली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. आतून बाया धावत आल्या. भाऊंच्या बहिणीने तिला छातीशी धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जा आता तुमी."

मी गेले.